सामनेच नाहीत, तर संघ कुठून येणार?

२००९ सालच्या ३० नोव्हेंबरला पुण्यात सोळा वर्षांखालच्या मुलींची पहिली आशियाई बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि ६ डिसेंबरला संपली. स्पर्धेची पहिलीच खेप आणि यजमानपद आपल्याकडे, तेही महाराष्ट्रात. त्या आठवड्यातल्या खेळावर चीन आणि जपान यांनी पुढच्या वर्षीच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात जागा मिळवली. तो विश्वचषकही पहिलाच होता, फ्रान्समध्ये भरला होता, आणि चीनच्या मुली तिथून कांस्यपदक घेऊन घरी गेल्या. पुण्यानंतर आपण थांबलो असेही नाही. हीच सोळा वर्षांखालची स्पर्धा २०१७ मध्ये बंगळुरूत झाली. अठरा वर्षांखालच्या मुलींची आशियाई स्पर्धा २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बंगळुरूतच झाली. पाहुण्यांची सरबराई आपल्याला जमते, हे एवढ्या वर्षांत सिद्ध झालेले आहे. पण सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात, मुलांच्या असो की मुलींच्या, भारताचा संघ आजवर एकदाही उतरलेला नाही. मांडव आपला, वऱ्हाड दुसऱ्यांचे, असे हे चालले आहे.

रडगाणे गावे अशी स्थिती मात्र नाही. मुलींच्या आशियाई स्पर्धांत आता अ आणि ब असे दोन गट असतात. ब गट जिंकणारा संघ वर चढतो, अ गटात तळाला राहणारा खाली येतो, आणि विश्वचषकाला जातात ते अ गटातले पहिले चार. २०१७ मध्ये बंगळुरूत आपल्या सोळा वर्षांखालच्या मुलींनी ब गट जिंकला. त्याच वर्षी त्याच शहरात महिलांच्या वरिष्ठ संघानेही ब गटाचे अजिंक्यपद मिळवले होते. म्हणजे ब गटात आपण भारी पडतो आणि अ गटात गेल्यावर धाप लागते. ही दरी उंचीने पडलेली नाही, पैशानेही फारशी नाही, असे माझे म्हणणे आहे. ती सामन्यांच्या संख्येने पडलेली आहे. वयोगटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा निकाल आठवड्याभरात हाती येत असला, तरी त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत त्या मुलामुलींनी चुरशीचे सामने किती खेळले यावर तो बराचसा ठरून गेलेला असतो. आपली मुले सराव करतात, शिबिरांना जातात, निवड चाचण्या देतात. खेळत मात्र फार कमी असतात.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटसारख्या जिल्ह्यात हा हिशेब मांडून पाहायला कागद-पेन्सिल पुरे. मध्य प्रदेशात शालेय खेळांच्या पायऱ्या विकासखंड, जिल्हा, संभाग आणि राज्य अशा आहेत. महाराष्ट्रात त्यांनाच तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य म्हणतात. नावे वेगळी, पद्धत बहुतेक सारखीच, ती म्हणजे बाद पद्धत. समजा एखाद्या जिल्ह्यातून १६ शाळांचे संघ आले. बाद पद्धतीत स्पर्धा १५ सामन्यांत आटोपते आणि १६ पैकी ८ संघ एकच सामना खेळून त्याच संध्याकाळी बस पकडतात. बास्केटबॉलचा पूर्ण सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर एका वेळी पाच जण, म्हणजे एका संघाच्या वाट्याला २०० खेळाडू-मिनिटे येतात. ती बारा जणांत वाटली तर प्रत्येकाला सरासरी १७ मिनिटेही मिळत नाहीत. आणि ती सारखी वाटली तरच. प्रत्यक्षात हरण्याच्या भीतीने सर पहिल्या सहा-सात जणांना पुढे करतात, उरलेली मुले पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. एवढ्यावर अनेक शाळांचा त्या वर्षीचा बास्केटबॉल संपतो. आता आठच शाळांची साखळी करा. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदा आपल्या कोर्टवर आणि एकदा त्याच्या कोर्टवर खेळेल, म्हणजे प्रत्येकाला १४ सामने. संघाला २८०० खेळाडू-मिनिटे, मुलामागे सरासरी २३३. तीच मुले, तेच कोर्ट, तेच शिक्षक, आणि खेळ चौदापट. शिवाय पहिले दोन सामने हरलेल्या संघाला पुढचे बारा सामने असतातच, त्यामुळे सर बाराव्या मुलालाही आत पाठवायला धजावतात.

सरावाने जे येत नाही आणि सामन्याने येते, ते नेमके काय? एकच प्रसंग जवळून पाहू. चेंडू ताब्यात आल्यापासून तो मधली रेघ ओलांडून पुढे न्यायला आठ सेकंद मिळतात. समोरचा संघ तगडा असेल तर तो तुम्हाला तुमच्याच रिंगखाली गाठतो. याला फुलकोर्ट प्रेस म्हणतात. पंधरा वर्षांची पॉइंट गार्ड चेंडू घेऊन निघते. एक मुलगी तिला बाजूच्या रेघेकडे ढकलत नेते, दुसरी अचानक समोर येते, आणि रेघ हीच तिसरी बचावपटू होते. इथे घाबरून तिने ड्रिबल थांबवला की खेळ फसला, कारण आता तिला पुन्हा चेंडू टप्पा देत चालता येणार नाही आणि अंगाशी कुणी भिडलेले असताना पाच सेकंदांच्या आत चेंडू सोडावाच लागेल. तिने डोके वर काढून मध्ये मोकळी असलेली साथीदार पाहिली पाहिजे, तीही पहिल्या दोन सेकंदांत, त्या दोघी जवळ येण्याआधी. ही नजर फळ्यावर आकृती काढून येत नाही. शिबिरातही पुरती येत नाही, कारण तिथे समोर असतात त्या रोजच्या मैत्रिणी. कोण कुठून येणार, कोण लवकर दमते, हे सगळे पाठ झालेले असते. जपान किंवा कोरियाच्या मुलींनी हा सापळा अनोळखी संघांविरुद्ध शेकडो वेळा लावलेला आणि शेकडो वेळा तोडलेला असतो. आपल्या मुलीवर तो कधी कधी पहिल्यांदाच लागतो, आणि तोही देशाचा गणवेश अंगात असताना. मधली रेघ ओलांडल्यावरही सुटका नसते. २४ सेकंदांच्या आत चेंडू रिंगकडे टाकावाच लागतो. आपल्याकडे जिल्हा पातळीवर रिंगच्या वर चालते घड्याळ क्वचितच दिसते. ज्या मुलीने शेवटचे पाच सेकंद उलटे मोजले जाताना कधी पाहिलेलेच नाहीत, तिने त्या पाच सेकंदांत शांत राहावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

जगाकडे पाहिले तर हेच चित्र उलट बाजूने दिसते. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाख १ हजार ६९८ होती. न्यूझीलंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर, म्हणजे ढोबळमानाने तीन बालाघाट. २०२४ मध्ये इस्तंबूलला झालेल्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात हा तीन बालाघाटांएवढा देश चौथा आला. तिथल्या माध्यमिक शाळांत बास्केटबॉल पहिल्या रांगेतला खेळ आहे आणि शाळा एकमेकींशी हंगामभर नियमाने खेळतात. लिथुआनिया त्याहून लहान, दोन बालाघाटही धड भरत नाहीत. २०११ मध्ये रीगाला झालेला एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक या देशाने जिंकला. तिथे शाळकरी मुलांची देशभर चालणारी बास्केटबॉल लीग आहे. तिचे नावच मुळी विद्यार्थ्यांची बास्केटबॉल लीग. या देशांत काही अचाट अकादम्या आहेत म्हणून हे घडते असे मानणे सोयीचे आहे, कारण मग आपल्यालाही एखादी अकादमी बांधून मोकळे होता येते. बांधकामाचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, फोटो छापून येतो. साप्ताहिक लीगचे उद्घाटन करायला कोण मंत्री येणार?

जपानचे उदाहरण मला जास्त बोलके वाटते, कारण ते जिंकण्याचे नाही, सपाटून हरण्याचे आहे. २०१४ मध्ये दुबईतल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात अमेरिकेने जपानला १२२–३८ असे धुतले. त्या ३८ पैकी २५ गुण एकट्या रुई हाचिमुराचे होते. संपूर्ण स्पर्धेत सरासरी गुणांत तोच पहिला आला. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, एनबीएच्या निवडीत वॉशिंग्टनने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. तो घडला कुठे? सेंदाईच्या एका शाळेत. जपानमधल्या शाळांच्या दोन मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा, उन्हाळ्यातली इंटरहाय आणि डिसेंबरातला विंटर कप, यांच्याभोवती शाळकरी खेळाडूचे वर्ष फिरत असते. हाचिमुराच्या शाळेने विंटर कप लागोपाठ तीन वेळा जिंकला. अशा शालेय स्पर्धांमुळे जपानला ८४ गुणांनी हरण्याची संधी मिळाली, असे म्हटले तर विचित्र वाटेल, पण ते खरे आहे. त्या पातळीवर हरण्यासाठीही आधी तिथवर पोहोचावे लागते, आणि आपल्याला तेवढेही अजून साधलेले नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आपली मुले उंचीला कमी पडतात. हा आक्षेप मला आता ऐकवत नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिलांनी रौप्यपदक मिळवले. अंतिम सामन्यात त्या अमेरिकेकडून ९०–७५ अशा हरल्या. स्पर्धेतल्या सर्वांत बुटक्या संघांत त्यांची गणना होत होती. उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध रुई माचिदाने १८ वेळा साथीदारांना गुण मिळवून देणारे पास दिले, जो ऑलिंपिकमधला विक्रम ठरला. माचिदाची उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट चार इंच. गोंदिया-बालाघाटच्या कोणत्याही शाळेच्या नववीच्या वर्गात तेवढ्या उंचीची मुलगी सापडेल. रिंग ३.०५ मीटरवरच असते आणि उंचीचा फायदा असतो, हे कोण नाकारील? पण उंचीवर तोडगा असतो वेगाचा, पासिंगचा, लांबून टाकलेल्या चेंडूचा, आणि हे सगळे निर्णय घेण्याच्या वेगावर उभे असते. तो वेग पुन्हा सामन्यांनीच येतो. उंचीची तक्रार करणाऱ्या आपल्या क्रीडा व्यवस्थेला मुळात उंच मूल शोधायची इतकी सवय लागली आहे की चलाख मूल तिच्या नजरेतच भरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भारतातून जे थोडे खेळाडू वर गेले ते अकादम्यांतूनच गेले, मग अकादमीला का नावे ठेवता? पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा लुधियानाच्या अकादमीत घडला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएच्या निवडीत आलेला तो पहिला भारतीय. प्रिन्सपालसिंगही लुधियानातून निघाला, मग दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीत गेला आणि अमेरिकेत जी-लीगपर्यंत पोहोचला. लुधियानाचे हे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण सतनामची कहाणी नीट वाचली तर ती माझ्याच बाजूने बोलते. २०१० मध्ये, चौदा-पंधरा वर्षांचा असताना, त्याला फ्लोरिडाला नेण्यात आले, कारण त्या वयात त्याला ज्या दर्जाचे आणि जितके सामने हवे होते ते इथे मिळण्याजोगे नव्हते. अकादमी एखाद-दुसरा खेळाडू उचलून परदेशी धाडू शकते. राष्ट्रीय संघ मात्र बारा जणांचा असतो. आणि बारा चांगली मुले निवडायची तर तयार झालेली बाराशे मुले समोर हवीत. आपण पऱ्हे न टाकताच रोवणीला मजूर बोलावतो आणि मग बांधी रिकामी का राहिली म्हणून चर्चासत्र घेतो.

ज्या शहरांत मुलांना सामने मिळतात तिथून खेळाडू निघतात, हे आपल्याच घरात दिसते. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. तिची आईही बास्केटबॉल खेळलेली. नागपूरच्या सिया देवधरने वयोगटातल्या भारतीय संघांत जागा मिळवली. नागपुरात शिवाजीनगर जिमखान्यासारखे क्लब आहेत, एकाच शहरात एकमेकांना पाण्यात पाहणारे संघ आहेत, आणि त्या चुरशीतून मुलगी दर थोड्या दिवसांनी नव्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभी राहते. बालाघाटात, वारासिवनीत, कटंगीत किंवा लांजीत हुशार मुलगी निपजणार नाही असे कोण म्हणेल? फक्त तिच्यासमोर उभे राहायला दुसरा संघ नसतो. आणि इथेच आमच्या भागाची खास अडचण सुरू होते.

बालाघाटपासून गोंदिया रेल्वेने तास-सव्वा तासावर आहे. नागपूर दोनशे किलोमीटरच्या आत आहे. इंग्रजी अमदानीत बालाघाट नागपूर विभागातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. पोवारी बोलणारी, मराठी समजणारी, सोयरीक आणि बाजार दोन्हींसाठी नागपूर-गोंदियाकडे पाहणारी माणसे इकडे आजही आहेत. पण खेळाचा कागद वेगळ्या दिशेने चालतो. बालाघाटच्या संघाने संभागासाठी जबलपूरला जायचे, पुढे राज्यासाठी चारशे किलोमीटरहून लांब भोपाळला किंवा त्याच्याही पलीकडे इंदूरला. गोंदियाच्या संघाने नागपूर विभागात. वैनगंगा दोन्ही राज्यांना पाणी देते, पण नदीच्या दोन्ही काठांवरची शाळकरी मुले एकमेकांशी अधिकृत सामना खेळू शकत नाहीत. सगळ्यांत जवळचा, सगळ्यांत चांगला प्रतिस्पर्धी कायम चुकीच्या राज्यात पडतो. राज्य संघटना आपापल्या राज्यापुरते पाहतात, त्यात त्यांचाही दोष नाही. पण सीमेवरच्या जिल्ह्यांना त्याची किंमत मोजावी लागते. गोंदिया, भंडारा, बालाघाट, सिवनी या चार जिल्ह्यांतली आठ-दहा शहरे आणि जमल्यास नागपूरचे दोन क्लब, एवढ्यांची साखळी दसऱ्यानंतर सुरू करून परीक्षांआधी संपवता येईल. पावसाचे चार महिने उघड्यावरचे कोर्ट निकामी असते, तो काळ आपोआप सुटतो.

नियमांत बसेल का, हा प्रश्न लगेच येईल. राष्ट्रीय स्पर्धेसाठी खेळाडूची नोंद त्याच्या राज्यातच राहावी, त्याला हात लावायची गरज नाही. साखळी ही निवडीची पायरी नसेल, फक्त खेळण्याची जागा असेल. दोन्ही राज्यांच्या संघटनांची परवानगी लागेल, तेवढी घ्यावी. खर्चाचे म्हणाल तर हा भाग काही फाटका नाही. भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण आशियात सर्वांत खोल समजली जाते. ती चालवणाऱ्या मॉइल कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे आणि तिच्या खाणी बालाघाट, भंडारा आणि नागपूर अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरल्या आहेत. जमिनीखालचे मँगनीज राज्याची सीमा पाळत नाही, आणि ते काढणारी सरकारी कंपनी सीमेच्या दोन्ही बाजूंना बिनबोभाट काम करते. मग तिच्या सामाजिक निधीतून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांची एक लीग चालवायला हरकत कोणाची असेल? मलाजखंडला तांब्याची खाण आहे, तिथेही कंपनीची वसाहत आहे. लागणारे सामान सांगायचे तर चेंडू, मुलींसाठी सहा नंबरचे आणि मुलांसाठी सात नंबरचे, फिरती गुणफलक-घड्याळे, बसचे भाडे आणि पंचांचे मानधन. एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पाहुणचारात अशा किती साखळ्या बसतील, याचा हिशेब संघटनांनी एकदा उघडपणे मांडावाच.

इथे कोणी म्हणेल, मोठ्या स्पर्धा भरवल्याने मुलांना प्रेरणा मिळते, मैदाने तयार होतात, त्याला कमी लेखू नका. कमी लेखायचे कारण नाही. २०२३ च्या ३० जानेवारी ते ११ फेब्रुवारी या काळात मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. यजमान शहरांच्या यादीत भोपाळ-इंदूरच्या बरोबरीने बालाघाटचे नाव होते. मुलना स्टेडियममध्ये फुटबॉलचे सामने रंगले, आणि जिल्ह्याने एरवी टीव्हीवरच पाहिलेला दर्जा प्रत्यक्ष पाहिला. पदकांत महाराष्ट्र ५६ सुवर्णांसह पहिला, मध्य प्रदेश ३९ सुवर्णांसह तिसरा. सीमेच्या दोन्ही बाजूंना आनंदच होता. प्रेरणा खरी असते, पण ती फार टिकत नाही. सामना पाहून घरी गेलेल्या मुलीला पुढच्या रविवारी खेळायला संघ नसेल तर महिन्याभरात ती दुसरीकडे वळते, आणि तिचे काही चुकतही नाही. मोठी स्पर्धा शेवटी यावी, साखळीच्या डोक्यावर. आपण ती आधी आणतो आणि साखळी नंतर कधीतरी होईल म्हणून सोडून देतो. ती होत नाही. वर्तमानपत्रांनीही इथे आपल्या अंगणात पाहावे. खेळाच्या पानावर पदकाची बातमी येते, जिल्ह्यातल्या शाळांच्या सामन्याचे गुण छापून येत नाहीत. दर सोमवारी चार ओळींत निकाल आणि गुणतक्ता आला तरी साखळीला अर्धे बळ मिळेल, आणि बापाला शेजाऱ्याला दाखवायला काहीतरी मिळेल.

मग बास्केटबॉलच का, असाही एक रास्त प्रश्न आहे. कबड्डी आहे, फुटबॉल आहे, हॉकी आहे. माझे उत्तर असे की साखळीचा मुद्दा या सगळ्या खेळांना लागू आहे, पण बास्केटबॉलला जागा थोडी लागते. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, बस. शाळेच्या प्रांगणात, वसाहतीच्या कोपऱ्यात, सिमेंटवरही कोर्ट होते. सिमेंटवर गुडघे झिजतात हे खरे आहे, म्हणून चांगला पृष्ठभाग हवाच, पण लाकडी फरशीची वाट पाहत दहा वर्षे बसण्याइतके ते मोठे कारण नाही. आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्यात विशेष आहे. २०११ च्या जनगणनेत बालाघाटात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांत सर्वाधिक. जिथे मुली जन्माला येऊ दिल्या जातात, शाळेत पाठवल्या जातात, तिथे त्यांना खेळवण्याची जमीन तयारच असते. मुलींची साखळी मुलांच्या साखळीबरोबर, त्याच दिवशी, त्याच कोर्टवर लावावी. वेगळी लावली की ती हळूहळू गळते, असा आपल्याकडचा अनुभव आहे.

साखळीचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही, तो वयचोरीचा. वयोगटाच्या स्पर्धांना आपल्याकडे या रोगाने पोखरले आहे. दाखल्यावर चौदा आणि दाढी करून आलेला, हे दृश्य मैदानावर नवे नाही. आठवड्याभराच्या लांबच्या स्पर्धेत कोण कुठून आला हे कोणाला कळत नाही, आणि कागद पाहण्यापलीकडे कोणाच्या हातात काही नसते. शेजारच्या गावांच्या साखळीत मात्र वय लपवणे कठीण. समोरच्या संघातल्या मुलाबरोबर कोणाचा तरी आतेभाऊ शिकत असतो, कोणाच्या तरी बहिणीच्या वर्गात तो दोनदा नापास झालेला असतो. बास्केटबॉल महासंघाने हाडांच्या तपासण्या कराव्यातच, पण आमच्या भागात त्याहून आधी चहाच्या टपरीवर खरे वय निघते. तरीही वयचोरी होईल, होत राहील. तिचे प्रमाण कमी झाले तरी आशियाई स्पर्धेला जाणाऱ्या संघात सोळा वर्षांची मुले खरोखर सोळाची असतील, आणि अठराव्या वर्षी ती संपून गेलेली नसतील.

सगळ्यांत अवघड भाग पैशाचा नाही, माणसांचा आहे. सामन्याला दोन पंच लागतात, आणि टेबलावर गुण लिहिणारा, मुख्य घड्याळ सांभाळणारा, २४ सेकंदांचे घड्याळ चालवणारा असे निदान तीन जण. या तिघांपैकी एकजण चुकला तर चांगला सामना भांडणात जातो. २४ सेकंदांचे घड्याळ कधी पुन्हा २४ वर आणायचे आणि कधी १४ वर, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती ते देऊ नये. आमच्या जिल्ह्यात पीटीचे सर आहेत, महाविद्यालयात खेळलेली आणि आता पोटापाण्याला लागलेली तरुण मुले आहेत, नवोदय आणि केंद्रीय विद्यालयांतले शिक्षक आहेत. त्यांना पंच आणि टेबल-पंच म्हणून तयार करायला एक-दोन महिन्यांचे शनिवार-रविवार पुरतात. नागपूरच्या पंचांनी गोंदियाला येऊन शिकवावे, बालाघाटचे शिक्षक रेल्वेने येतील. जबलपूर-गोंदिया मार्ग ब्रॉडगेज झाल्यापासून तो प्रवास पूर्वीसारखा दिवस खाणारा राहिलेला नाही. यासाठी कोणाच्या भूमिपूजनाची गरज नाही, विधानसभेत प्रश्न विचारायची गरज नाही, राष्ट्रीय महासंघाने लक्ष घालायचीही गरज नाही. चार जिल्ह्यांच्या संघटनांनी एकत्र बसून वेळापत्रक काढावे, कोणता संघ कोणत्या रविवारी कुठे जाणार ते लिहावे, आणि पहिल्या हंगामात दर्जा बरा नसेल, गुण २०–१४ असे लागतील, प्रेक्षक म्हणून आईवडीलच असतील, हे आधीच धरून चालावे.